तरुण संशोधकाचे आकडे शासन निर्णयापर्यंत पोचतात कसे?

मृगधारा (धागाकर्ती), पुणे

नमस्कार मंडळी. मी भूजलावर पीएचडी करते आहे. कामाचं क्षेत्र मराठवाड्यातलं: वर मुरूम, खाली मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण. विहिरींची पातळी, बोअरची खोली, रब्बीत किती रान भिजलं, हे गावोगाव फिरून नोंदवते.

फिरताना एक गोष्ट सतत समोर येते. राज्याची निरीक्षण विहीर बहुतेक ठिकाणी खोदलेली, उघडी विहीर असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिची पातळी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. पाऊस बरा झाला की ऑक्टोबरात ती विहीर भरलेली दिसते आणि तालुक्याची भूजल पातळी वाढल्याची बातमी येते. शेतकरी मात्र त्याच शिवारात चारशे-पाचशे फुटांच्या बोअरमधून उपसा करत असतो. त्या खोल थराचं काय चाललंय ते या विहिरीत उमटत नाही. डिसेंबरात बोअर कोरडे पडायला लागतात, तेव्हा कागदावर सगळं आलबेल असतं.

हे मी पेपरात लिहिलंय. पेपर इंग्रजीत आहे आणि पैसे भरून वाचायच्या जर्नलात आहे. जलसंधारणाची कामं ज्या टेबलावर मंजूर होतात तिथे तो कधी पोचणार नाही, हे मला स्वच्छ दिसतंय.

आमच्याकडे सल्ला मिळतो की आधी नाव कमवा, प्राध्यापक व्हा, मग कुठल्या तरी समितीवर जाल आणि तिथे बोला. मला हे पटत नाही. ज्यांच्या संशोधनाने धोरण हललं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी ते काम ऐन तरुणपणात, हातात काही पद नसताना केलंय.

रोजगार हमीच्या मजुरीचं उदाहरण घ्या. पागे समितीने दिवसाला ४ रुपये मजुरी सुचवली होती. डॉ. अभय बंग तेव्हा वर्ध्याजवळच्या खेड्यात काम करणारे तरुण डॉक्टर होते. समितीने मजुरी काढली होती ती आहाराच्या आणि घरखर्चाच्या हिशेबातून. बंगांनी तोच हिशेब डॉक्टरच्या नजरेने पुन्हा तपासला: दिवसभर माती खोदणाऱ्या माणसाला किती उष्मांक लागतात, एका कमावत्यामागे खाणारी तोंडं किती, घर चालायला आणखी काय लागतं. आकडा आला १२ रुपये. पुढे मजुरीचे दर वाढले. मोर्चे आणि संघटनांचा जोर त्यामागे होताच, पण त्या जोराच्या हातात एक तपासून घेता येईल असा हिशेब होता.

किंवा महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेला, पंचविशीतला वैद्यकीय अधिकारी. कोकणात विंचवाच्या दंशाने माणसं मरत होती, आणि पुस्तकात उपचार नव्हता. त्यांनी रात्र-रात्र रुग्णाशेजारी बसून रक्तदाब, नाडी, फुप्फुसात साचणारं पाणी यांच्या नोंदी ठेवल्या. प्राझोसीन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध उपयोगी पडतंय हे त्यातून पुढे आलं. ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत गेलं आणि नंतर खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत वापरात आलं.

माझं म्हणणं एवढंच. तरुण संशोधकाकडे खुर्ची नसते. पण आजवर कुणी न मोजलेली गोष्ट मोजायला गावात मुक्काम ठोकायची तयारी त्याच्याकडे असते, आणि ती खुर्चीवाल्यांकडे उरलेली नसते. हे मोजमाप टेबलापर्यंत न्यायचं कसं, आणि त्याची किंमत कोण मोजतं? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

शेवटचीलोकल, डोंबिवली

मृगधारा, धागा वाचून लगेच लिहायला बसलो. मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. शासन निर्णयांचे मसुदे लिहिण्यात उमेदीचा काळ गेला, तेव्हा टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

कुठलाही शासन निर्णय उघडा. वर विषय असतो, त्याखाली ‘वाचा’ असं लिहून आधीच्या निर्णयांची, पत्रांची, अहवालांची यादी असते. मग प्रस्तावना, मग निर्णय. संशोधक मंडळी थेट निर्णयाचे परिच्छेद वाचतात. मी म्हणतो, आधी ‘वाचा’ वाचा. निर्णय कुठल्या कागदांवर उभा आहे ते तिथे कळतं. तुमचा अहवाल पुढच्या निर्णयाच्या त्या यादीत एका ओळीने जरी आला, तरी तुमचं काम झालं. कारण त्यानंतर त्या विषयावर टिपणी लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो काढून बघावाच लागतो.

फाईल खालून वर जाते. टिपणी आमच्यासारखा माणूस लिहितो, मग अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री. पैसा लागणार असेल तर वित्त विभागाकडे जाते, आणि तिथली सहमती ‘अनौपचारिक संदर्भ क्रमांक’ म्हणून निर्णयाच्या शेवटी येते. सचिवांना भेटून सादरीकरण केलं की काम झालं असं तरुणांना वाटतं. सचिव मान डोलावतात, आणि फाईल खाली आमच्याकडे येते: ‘तपासून सादर करावे’. त्या वेळी माझ्यापुढे साठ स्लाइडचा संच असेल तर मी काय करू? मला हवं असतं एक पान. सध्याच्या कुठल्या निर्णयातला कुठला परिच्छेद बदलायचा, त्याऐवजी कोणती वाक्यं घालायची, खर्च किती, आणि तो कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यातून, भागेल. शेवटचे दोन मुद्दे संशोधक हमखास सोडतात, आणि फाईल नेमकी तिथेच अडते.

दुसरं म्हणजे वेळ. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, पण विभागांचे अंदाज त्याच्या कितीतरी आधी तयार होतात. फेब्रुवारीत आणलेली उत्तम कल्पना म्हणजे पुढच्या वर्षीची कल्पना. अधिवेशनाच्या तोंडावर मात्र उलट असतं. तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी आली की उत्तरासाठी आकडे तातडीने लागतात. कुणाच्या तालुक्यातले खात्रीचे आकडे कुठे आहेत हे अधिकाऱ्याला आधीपासून माहीत असेल, तर तो स्वतः फोन करतो. ती ओळख अधिवेशनाआधी शांतपणे करून ठेवायची असते.

आणि सगळं मंत्रालयातच घडतं असं नाही. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून जातो. तुमचे चार-दोन तालुक्यांचे आकडे तिथे जास्त लवकर कामाला येतील.

डॉ_सातपुडा, नंदुरबार

बावस्कर सरांचं उदाहरण दिल्याबद्दल आभार. प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना ते नाव आम्हाला फार बळ देतं.

गडचिरोलीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मोजमापापासून धोरणापर्यंतची सगळी वाट तिथे दिसते. राणी आणि अभय बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत गेले. तेव्हा दोघंही तिशीत होते. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, कुठलीही तक्रार नसलेल्याही त्यात आल्या. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा आजार आढळला, आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये आलं. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढ्यावरच सरकारी कार्यक्रम थांबत. १९९४ च्या लोकसंख्येवरच्या कैरो परिषदेत प्रजनन आरोग्याचा विचार जगाने स्वीकारला, त्यामागच्या पुराव्यांत या दोन गावांचा वाटा होता.

पण मला सगळ्यात जास्त शिकवून जातं ते श्वास मोजायचं साधन. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे मिनिटाला श्वास किती यावरून ओळखतात: दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्यात ५० किंवा जास्त. गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. तर त्यांनी एक मिनिटाची वाळूची घड्याळी घेतली आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी लावल्या. दाईने दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. लहान बाळाच्या ओळीत पाच हिरवे आणि एक लाल, मोठ्या बाळाच्या ओळीत चार हिरवे आणि एक लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. निदानाचा निकष तोच, शास्त्र तेच, फक्त ते वापरणाऱ्या बाईच्या हाताला जमेल असं केलं.

पुढे नवजात बाळाची घरीच काळजी हा प्रयोग झाला. ३९ गावांत आरोग्यदूत बायका तयार केल्या, शेजारची गावं तुलनेला ठेवली. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये निष्कर्ष छापले गेले, आणि २०११ मध्ये केंद्राने आशांमार्फत ही पद्धत देशभर घेतली. मध्ये किती वर्षं गेली बघा. त्या काळात हाच प्रयोग राज्यात इतर ठिकाणी, वेगळ्या संस्थांच्या हातून करून बघितला गेला. ‘गडचिरोलीत जमलं ते तिथल्या माणसांमुळे’, या शंकेला उत्तर देणं भाग होतं.

चिंचेचीसावली, यवतमाळ

मी आशा गटप्रवर्तक आहे. डॉक्टरसाहेबांनी लिहिलं ते धोरण आमच्या हातून रोज चालतं, म्हणून दोन शब्द.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. बाळाचं वजन, ताप, अंग गार पडलंय का, छाती ओढतंय का, नाळ, आईचं दूध. सगळ्या भेटी झाल्यावर २५० रुपये. गडचिरोलीत आरोग्यदूत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देत होती. आमच्याकडे आशा ते देत नाही, बाळाला पुढे पाठवते. पुढे पाठवायचं म्हणजे गाडी, रस्ता, सासूची परवानगी, नवऱ्याची मजुरी बुडणं. संशोधनातलं किती धोरणात आलं आणि किती बाहेर राहिलं, हे शेवटी आम्हाला कळतं, कारण बाहेर राहिलेलं आम्हालाच निभवावं लागतं.

तर तरुण संशोधकांना माझी विनंती. धोरण झालं म्हणजे तुमचं काम संपलं असं समजू नका. दोन-तीन वर्षांनी परत या आणि तेच धोरण मोजा. आमच्याकडे पीएचडीची मुलं येतात, आशांच्या बैठकीत प्रश्नावली भरून घेतात, फोटो काढतात आणि जातात. निष्कर्ष काय निघाला ते सांगायला एखादाच परत येतो. जी मुलगी परत आली होती, तिचं आम्ही अजून नाव काढतो. तिने भेटीच्या फॉर्ममधले दोनदा भरावे लागणारे रकाने शोधून तालुक्याला लेखी दिले होते, आणि त्यातले काही खरोखर कमी झाले.

प्रयोगशील, मुंबई

सगळ्यांचं म्हणणं मनापासून पटतं, तरी थोडा वेगळा सूर लावतो. मी शिकवतो, पीएचडीचे विद्यार्थीही आहेत.

घाई करू नका. एक-दोन मोसमांच्या मोजणीवर धोरण बदला म्हणणं धोक्याचं आहे. पाऊस एका वर्षी दीडपट होतो, दुसऱ्या वर्षी निम्मा. तुमचा आकडा उद्या उलटा निघाला तर तुमचं नाव जाईलच, शिवाय पुढच्या खऱ्या संशोधकाला त्या दारात कुणी उभं करणार नाही. धोरण चुकलं तर ते हजारो गावांत चुकतं. बावस्कर असोत की बंग, त्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, तुलनेची गावं ठेवली. प्रबंधाची मुदत असलेल्या विद्यार्थ्याला हे कसं जमावं? त्याने आपलं विज्ञान पक्कं करावं, आणि धोरणाचं बोलणं मार्गदर्शकावर सोडावं. त्यात त्याचं संरक्षणही आहे.

उत्तरवारा, जर्मनी

@प्रयोगशील सर, तुमच्या मुद्द्यातला पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसरा नाही. मी वातावरणशास्त्रात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करतोय, म्हणून ओझोनची हकीकत सांगतो.

मारिओ मोलिना १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात अर्वाइनला शेरवूड रोलंड यांच्याकडे पोस्टडॉक म्हणून गेले. वय ३०. फवाऱ्याच्या डब्यांत आणि फ्रिजमध्ये वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वातावरणात कुठे जातात, हा त्यांनी निवडलेला प्रश्न. ते वर स्थितांबरात जाऊन फुटतात आणि सुटलेला क्लोरीन ओझोन खातो, हे दोघांनी जून १९७४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. तेव्हा ओझोन कमी झालेला कुणी पाहिला नव्हता. होतं ते रसायनशास्त्र आणि गणित. तरीही दोघं गप्प बसले नाहीत, अमेरिकन संसदेच्या समित्यांपुढे जाऊन बोलले. उद्योगांनी जोरदार विरोध केला. १९७८ मध्ये अमेरिकेने फवाऱ्याच्या डब्यांतला बहुतेक वापर बंद केला.

आता तुमचा पक्क्या नोंदींचा मुद्दा. तोही एका तरुणानेच पूर्ण केला. अंटार्क्टिकात हॅली इथे ब्रिटिश मंडळी १९५०च्या दशकापासून डॉब्सनच्या उपकरणाने ओझोन मोजत होती. जोनाथन शँकलिन १९७७ मध्ये विद्यापीठातून थेट ‘ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे’ या त्यांच्या संस्थेत लागले, आणि हाताने लिहिलेले ते जुने तक्ते संगणकात उतरवायचं काम त्यांच्याकडे आलं. त्या कंटाळवाण्या कामातून त्यांना दिसलं की दर वसंतात ओझोन खाली येतोय. वरिष्ठ जो फार्मन आणि ब्रायन गार्डिनर यांच्यासह तो निष्कर्ष मे १९८५ मध्ये छापला गेला. पुढच्याच वर्षी कारण शोधायला अमेरिकेने मोहीम पाठवली, तिचं नेतृत्व सुझन सॉलोमन यांच्याकडे होतं. वय ३०. सप्टेंबर १९८७ मध्ये या रसायनांवर बंधन घालणारा मॉन्ट्रियल करार झाला.

म्हणजे अंदाज मांडणारा तरुण, नोंदी चाळणारा तरुण, कारण शोधणारी तरुण. आणि पहिल्या दोन्ही ठिकाणी सोबत वरिष्ठ माणूस होता. रोलंड यांनी मोलिनांना मागे ठेवून स्वतः बोलायचं ठरवलं असतं तर? संरक्षण म्हणजे विद्यार्थ्याला गप्प ठेवणं नव्हे, त्याच्या शेजारी उभं राहणं.

अनिश्चितता लपवू नये, हे मात्र शंभर टक्के. ‘आम्हाला इतकं खात्रीने माहीत आहे, इतकं नाही, आणि थांबलो तर हे नुकसान’, असं तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

प्रयोगशील, मुंबई

शँकलिन यांचं उदाहरण लागू पडतं, मानलं. वरिष्ठांच्या जबाबदारीबद्दल लिहिलंत ते मी माझ्यापुरतं मनावर घेतो. तरी ‘एका मोसमावर नको’ हे कायम.

पाणकळा, नाशिक

मुंबई आयआयटीत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान पर्याय केंद्र आहे, सितारा नावाने ओळखतात. मी तिथून एमटेक केलं. तिथल्या विद्यार्थ्याला गावात जाऊन काम करावं लागतं: नळयोजना का बंद पडली, टाकी भरते पण वाडीपर्यंत पाणी का येत नाही, बंधाऱ्याने खरंच किती पाणी मुरलं. अभ्यासक्रमाचाच भाग असल्यामुळे ‘हे पेपरात मोजत नाहीत’ ही अडचण बऱ्याच अंशी सुटते.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, सुरू झाला तेव्हा त्यात मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव धरून १५ जिल्ह्यांतली ५,१४२ गावं होती. प्रत्येक गावाच्या आराखड्याला पाण्याचा ताळेबंद हवा होता. रोजचा पाऊस, मातीचा प्रकार आणि खोली, उतार, पीक एवढं दिलं की किती पाणी वाहून जाईल, किती मातीत राहील, किती पीक घेईल आणि किती खाली मुरेल याचा हिशेब काढणारी पद्धत आयआयटीतल्या गटाने बसवली. त्यात संशोधक विद्यार्थ्यांचा आणि नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलांचा मोठा हात होता. जुना हिशेब मोसमाच्या एकूण पावसावर चालायचा. जुलैत वीस दिवस ओढ बसली आणि ऑगस्टच्या दोन दिवसांत सगळा पाऊस पडला, तरी सरासरी बरोबर यायची आणि सोयाबीन मात्र गेलेलं असायचं. रोजचा हिशेब मांडला की ती ओढ दिसते.

शासनाने हे घेतलं त्याचं एक कारण म्हणजे ते मोफत मिळणाऱ्या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर चालत होतं, आणि वापरायचं कसं ते शिकवायला माणसं जिल्ह्यात जाऊन बसत होती. नुसता अहवाल दिला असता तर तो कपाटात गेला असता.

@मृगधारा, तुमचा खोदविहिरीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. जलविज्ञान प्रकल्पात राज्यात पिझोमीटर, म्हणजे खोल थराची पातळी मोजायचे खास बोअर घेतलेले आहेत. तुमच्या तालुक्यातल्या पिझोमीटरच्या नोंदी मागून घ्या आणि शेजारच्या खोदविहिरीच्या नोंदींशी एकाच आलेखात मांडा. सरकारचेच दोन आकडे शेजारी ठेवले की ‘तुमचं मोजमाप बरोबर कशावरून’ हा प्रश्न उरत नाही.

काळीमाती, परभणी

मी शेतकरी. सगळं वाचलं. मंत्रालयाचं ज्यांनी लिहिलं ते उपयोगाचं आहे, पण ताई, आकडे आधी गावाला द्या.

आमच्या शेजारच्या गावात पाण्याचा ताळेबंद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलाय. पाऊस किती, वापर किती, तूट किती. रंग अजून चांगला आहे, पण आकडे एकाच वर्षाचे आहेत. पुढच्या वर्षी कुणी बदलले नाहीत, कारण ते काढायचे कसे हे गावात कुणाला शिकवलंच नाही. आमच्या गावातल्या दोन पोरांनी मात्र टेप घेऊन दर पंधरवड्याला बोअर मोजायला सुरुवात केली, शेवटी दगड बांधून. दसऱ्याला पातळी बघून ग्रामसभेत ठरतं की यंदा हरभरा-ज्वारी, का गव्हालासुद्धा पाणी पुरेल. उसाच्या बाबतीत कुणी ऐकत नाही ते नाहीच, पण नव्या लागवडीचं बोलणं निघालं की पोरं वही काढतात. धोरण म्हणजे हेपण आहे.

अजून एक. माधव गाडगीळ सरांचं कर्नाटकातल्या बांबूवरचं काम वाचलंय. सत्तरच्या दशकातली गोष्ट, ते तेव्हा नुकतेच बंगलोरला लागले होते. वनखात्याचं म्हणणं होतं की बांबूच्या बेटाच्या बुडाशी असणारं काट्याचं जाळं साफ केलं की बांबू चांगला वाढतो. गावातली माणसं म्हणत होती, काटे काढले की गुरं आणि रानातली जनावरं कोवळे कोंब खातात. गाडगीळांनी दोन्ही म्हणणी मोजून बघितली. गावकऱ्यांचं बरोबर निघालं. आमच्या म्हणण्याला पुरावा लावून देणारा माणूस पाहिजे असतो. आम्ही बोललो की ती तक्रार होते, तुम्ही मोजलं की तो अभ्यास होतो.

रात्रपाळी, बंगळुरू

कोण किंमत मोजतं, या प्रश्नावर कुणी थेट लिहिलं नाही म्हणून लिहिते. किंमत कंत्राटी माणूस मोजतो.

मी एका संस्थेत प्रकल्प सहायक होते. हवेच्या प्रदूषणाच्या आमच्या मोजणीवरून एका महापालिकेशी चांगला संवाद सुरू झाला होता. प्रकल्पाची मुदत संपली, माझी नेमणूक संपली, आणि तो संवादही संपला, कारण पालिकेतल्या अभियंत्याला फक्त माझा नंबर माहीत होता. आमच्याकडे फेलोशिप महिनोन्महिने उशिरा यायची. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांना महिन्याला मिळणारी फेलोशिप, २०२३ मध्ये ३१,००० वरून ३७,००० रुपये झाली, तीसुद्धा देशभरातल्या विद्यार्थ्यांनी दिल्लीपासून पुण्यापर्यंत वारंवार रस्त्यावर उतरून मागणी केल्यावर. भाडं भरायची चिंता असलेल्या मुलीला तुम्ही ‘जिल्हा नियोजन समितीत जा’ म्हणता, ती जाईलही, पण गाडीभाडं कोण देईल? ते सार्वजनिक काम आहे, तर त्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

काही दारं आहेत, तीही सांगते. मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये २१ ते २६ वयाची मुलं थेट शासनात काम करतात. दिल्लीत खासदारांसोबत वर्षभर काम करायची लॅम्प फेलोशिप आहे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची धोरण फेलोशिप आहे. तरुण शास्त्रज्ञांची राष्ट्रीय अकादमी, इन्यास, २०१४ पासून काम करते. पण यातल्या बहुतेक वाटा तुम्हाला तुमच्या संशोधनातून उचलून शासनात नेतात. संशोधनात राहून, त्याच तालुक्याशी दहा वर्षं नातं ठेवता येईल अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे, आणि मला वाटतं खरी गरज तिची आहे. गडचिरोलीत ते घडलं, कारण माणसं तिथेच राहिली.

शेवटचीलोकल, डोंबिवली

@रात्रपाळी, तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याची दुसरी बाजूही तशीच आहे: आमच्या बाजूच्या माणसाचीही तीन वर्षांनी बदली होते. म्हणून तोंडी ओळखीवर थांबू नका. प्रत्येक भेटीनंतर आवक-जावकात नोंद होईल असं पत्र द्या, पोच घ्या. माणूस बदलला तरी कागद राहतो.

मृगधारा (धागाकर्ती)

इतकं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं. सर्वांचे मनापासून आभार. पाणकळा यांनी सांगितल्याप्रमाणे पिझोमीटरच्या नोंदींसाठी अर्ज तयार केलाय. शेवटचीलोकल काका, तुम्ही सांगितलं तसं एक पान लिहायचा प्रयत्न केला, त्यातला मुख्य भाग इथे देते:

‘विषय: टंचाई आराखड्यासाठी भूजल पातळी ठरवताना खोल थराची नोंद घेण्याबाबत. सध्या तालुक्याची पातळी प्रामुख्याने खोदविहिरींवरून ठरते. ज्या गावांत निम्म्याहून अधिक सिंचन बोअरवर आहे, तिथे प्रत्येक पाणलोटात किमान एका बोअरची पातळी ऑक्टोबर आणि जानेवारीत मोजावी. मोजणी ग्रामपंचायतीच्या प्रशिक्षित जलसुरक्षकाकडून करून घेता येईल. नवीन उपकरणाची गरज नाही.’

@काळीमाती दादा, गावातली मोजणी हाच याचा पाया ठेवतेय. तुमच्या गावातल्या त्या पोरांच्या वह्या बघायला मिळतील का? आणि @चिंचेचीसावली ताई, निष्कर्ष सांगायला परत जायचं तुमचं म्हणणं मी प्रबंधाच्या वेळापत्रकातच घातलंय, गावातल्या बैठकांसह. मार्गदर्शकांनी त्याला होकार दिलाय.

शेवटचीलोकल, डोंबिवली

चांगलं झालंय. तीन दुरुस्त्या. एक, ‘मोजावी’ म्हणताना कुणी मोजावी हे त्याच वाक्यात यंत्रणेच्या नावासह लिहा. दोन, जलसुरक्षकाला मानधन कुठून हे लिहा. अटल भूजल योजनेतली गावं असतील तर वेगळं, नसतील तर जिल्हा वार्षिक योजना. हा मुद्दा मोकळा सोडलात तर वित्तची पहिली शंका तिथेच येईल. तीन, सगळ्या राज्यासाठी मागू नका. दोन तालुक्यांत प्रायोगिक तत्त्वावर, दोन वर्षांसाठी मागा. त्यात प्रयोगशील सरांची शंकाही सुटते, कारण दोन वर्षांचे आकडे सरकारच्याच खर्चाने गोळा होतील.

प्रयोगशील, मुंबई

दोनऐवजी तीन वर्षं मागा. एक वर्ष कमी पावसाचं येण्याची शक्यता वाढते. आलेख तयार झाला की मला पाठवा, संख्याशास्त्र तपासून देईन. नाव तुमचंच राहू द्या.

काळीमाती, परभणी

वह्या मिळतील. पण उन्हाळ्याच्या शेवटी या, पाऊस पडायच्या आधी. तेव्हा कुठली बोअर चालू आणि कुठली बंद हे डोळ्यांनी दिसतं, ऑक्टोबरात सगळेच चालू म्हणतात. पोरं मोजतात ती बोअर ओढ्याच्या कडेला आहे, तिला पाणी जरा जास्त टिकतं. माळावरची एक घ्या, आमच्या चुलत्याची आहे, त्यांना सांगून ठेवतो. मोटर वर काढल्याशिवाय टेप जात नाही, तर केसिंगच्या बाजूने अर्ध्या इंचाची नळी आत सोडावी लागेल. ती येताना घेऊन या.